टेप घेऊन गाडी बघायला जाणारी बाई

आमच्या घरात माणसं सहा. आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे. गावाला निघालो की आत्याबाई सातव्या. गाडी मात्र २०१३ ची, पाच जणांची. २०२४ च्या गणपतीत देवरुखला जाताना धाकटी लेक आणि मी एसटीने गेलो, बाकीचे गाडीने. नारळ, गूळ आणि तांदळाची पिठी नेमकी आमच्या पिशवीत, आणि आमची एसटी माणगावात चार तास उभी. त्या वर्षी बाप्पाला मोदक संध्याकाळी मिळाले. आत्याबाई अजून तो विषय काढतात.

सात जणांची गाडी घ्यायची एवढं तिथेच ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये नवऱ्याने जाहीर केलं की नवी घेण्यापेक्षा सात-आठ वर्षं जुनी युरोपियन एसयूव्ही घेऊ. ऐंशी लाखांची गाडी पंचवीस-तीस लाखांत येते, दणकट असते, शिवाय त्याची लहानपणापासूनची हौस. सासूबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं, "तेवढ्यात नवी इनोव्हा नाही का येत?" येते. चांगली हायब्रिड हायक्रॉस ऑन-रोड ३० लाखांच्या पुढे जाते, म्हणजे फरक फार नाहीच. नवऱ्याने उत्तर दिलं नाही. मीही तेव्हा विषय वाढवला नाही, पण तो प्रश्न शेवटपर्यंत माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होता.

मी अकाउंट्सची बाई. गाडीतलं कळत नाही, पण बिलं वाचता येतात. म्हणून कामं वाटून घेतली: त्याने गाड्या शोधायच्या, मी "ही टिकेल का" एवढंच बघायचं.

तो पहिले तीन आठवडे विश्वासार्हतेच्या याद्या वाचत होता. कुठली कंपनी वर, कुठली तळाला. एक रविवार मीही त्याच्या शेजारी बसून वाचल्या आणि लक्षात आलं की त्या बहुतेक अमेरिकेतल्या आहेत. उदाहरणार्थ, व्होल्वो एक्ससी९० तिथे पेट्रोलवर विकली जाते. आपल्याकडे २०१५ पासून २०२१ पर्यंत जी आली ती मुख्यतः डी५ डिझेल: दोन लिटर, चार सिलिंडर, दोन टर्बो, २२५ हॉर्सपॉवर. इंजिनच वेगळं, वर आमच्या ठाण्यातल्या घोडबंदरचे खड्डे, आपला उन्हाळा, आपलं डिझेल. मग त्या यादीतला नंबर आपल्याला काय सांगणार? ऑडी क्यू७ आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळवली जाते, मर्सिडीज चाकणला, बीएमडब्ल्यू चेन्नईला, एक्ससी९० २०१७ पासून बेंगळुरूजवळ होसकोटेला. नवऱ्याला वाटायचं की इथे जुळवलेली म्हणजे सुटे भाग इथेच मिळणार. तसं नसतं. जुळवणी इथली, इंजिन-गिअरबॉक्सचे बरेचसे भाग बाहेरून आलेले.

खरी सुरुवात झाली ती वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजमध्ये. शेजाऱ्यांच्या ओळखीचे मिस्त्री, पंधरा वर्षं एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काढून आता स्वतःचं गॅरेज चालवतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी विचारलं, "मामा, कुठली गाडी चांगली?" ते हात पुसत म्हणाले, "ताई, मॉडेल विचारू नका. ती एक गाडी कुठे उभी असायची, कोण चालवायचं आणि पाणी-तेल कोण बघायचं, ते विचारा. आणि एक ध्यानात ठेवा, गाडी सत्तावीस लाखांची झाली तरी तिचा हेडलाइट अजून ऐंशी लाखांच्याच गाडीचा आहे."

दुसरं वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. आम्ही रक्कम ठरवली ती या वाक्यामुळे. हातात तीस असतील तर गाडी सत्तावीसच्या आतच बघायची, उरलेले तीन लाख पहिल्या वर्षासाठी वेगळे. मामांचा हिशोब साधा होता: किमतीच्या दहा टक्के पहिल्या वर्षात जातातच, गेले नाहीत तर देवाची कृपा.

पहिली गाडी १५ फेब्रुवारीला, शनिवारी, घोडबंदर रोडवरच्या एका यार्डात बघितली. २०१६ ची, काळी, आरशासारखी चकचकीत, १९ लाख. मुलं तर आत बसून उतरेचनात. नंबर डीएलचा. दिल्लीत तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी होती, म्हणून तिकडच्या गाड्या आठव्या-नवव्या वर्षी स्वस्तात इकडे यायच्या. त्यात गैर काही नाही, पण तिकडची एनओसी आणायची, इथे नवीन नंबर घ्यायचा आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायचा. २० लाखांवरच्या डिझेल गाडीला हा कर १५ टक्के आहे. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी मोजणी सुरू होते मूळ किमतीपासून. मी यार्डातल्या माणसाला आकडा विचारला. तो म्हणाला, "ते होऊन जाईल मॅडम, नंतर बघू." जो आकडा विकणारा सांगत नाही तो आपल्याला भरायचा असतो, हे मला माझ्या नोकरीने शिकवलंय.

तरीही नवरा मोहात होता. मग मी मामांनी सांगितलेली एक गोष्ट केली. मधल्या सीटचा बेल्ट ओढला. नुसता लावण्यापुरता नाही, शेवटपर्यंत, पार थांबेपर्यंत. शेवटची हातभर पट्टी मातकट होती आणि तिच्यावर सरळ रेघ. पुराचं पाणी गाडीत शिरलं की गालिचे बदलतात, सीट धुतात, पण गुंडाळलेल्या बेल्टकडे कोणाचं लक्ष जात नाही. सीटच्या खालच्या रुळांवर बोट फिरवलं तर गंज. "धूळ आहे," यार्डातला मुलगा म्हणाला. आम्ही लस्सी पिऊन घरी आलो.

दुसरी गाडी खारघरची. एक जर्मन सात-सीटर, २०१७ ची, मालक स्वतः विकत होते, नंबर आपला एमएच. ८ मार्चला संध्याकाळी गेलो. ही खरंच आवडली. या गाड्यांना पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात, एअर सस्पेन्शन. सासूबाईंचा गुडघा बदललेला आहे, आणि बटण दाबलं की गाडी खाली बसते हे बघून मला वाटलं, आपलं काम झालं. पण हीच पिशवी सात-आठ वर्षांनी रबर तडकून गळायला लागते. मग कॉम्प्रेसर सतत हवा भरत राहतो आणि एक दिवस तोही जातो. चार कोपरे आणि कॉम्प्रेसर मिळून खर्च काही लाखांत.

गळती दिसते कशी? मामांचा उपाय शिंप्याचा होता. टेप घ्या, संध्याकाळी गाडी बंद करून अर्ध्या तासाने चारही चाकांवरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत उंची मोजा, सकाळी कोणी चालू करण्याआधी पुन्हा मोजा. माझी चुलत बहीण खारघरलाच राहते, तिच्याकडे मुक्काम ठोकला. रात्री नऊला मी पार्किंगमध्ये उकिडवी बसून मोजत होते आणि नवरा मोबाइलचा टॉर्च धरून लाजत उभा होता. वॉचमनने विचारलं, "मॅडम, गाडीला कव्हर शिवताय का?"

रात्री चारही कोपरे ७९ च्या आसपास. रविवारी सकाळी सातला मागचा डावा ७३. सहा सेंटिमीटर.

मालक म्हणाले, रस्ता तिरका आहे. असेल. पण मामाही साडेनऊला गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर घेऊन पोचले. (त्यांनी येण्याचे आणि तपासणीचे ४,००० घेतले. पूर्ण सहा महिन्यांत सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च.) इंजिनाच्या दिव्याबिव्यात काही नव्हतं, स्क्रीनवर एकही दोष नाही. मामांनी मग एक ओळ उघडून दाखवली: दोषांचे कोड पुसल्यापासून गाडी किती धावली ते अंतर. हा आकडा बहुतेक साध्या स्कॅनरवरही दिसतो. तिथे होतं, १४ किलोमीटर. म्हणजे आम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी कोणीतरी पाटी पुसून ठेवली होती. शिवाय व्ही-६ इंजिनाच्या सिलिंडरच्या दोन ओळींमधल्या खाचेत तेलाचा ओलावा होता. तिथलं साधं रबरी सील बदलायचं तर वरचा सगळा पसारा उतरवावा लागतो. सील शंभरांत, मजुरी हजारांत. सर्व्हिसची बिलं मागितली तर २०२१ नंतरची "मेलवर असतील, शोधतो". अजून शोधताहेत.

नवऱ्याला पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी हवी होती. ३० मार्चला पाडवा झाला, गाडी आली नाही. त्याने श्रीखंड खाल्लं, पण बोलला नाही फारसा.

एप्रिलमध्ये मी जवळजवळ माघार घेतली होती. एक तर उच्च न्यायालयाने जानेवारीत मुंबई परिसरातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का ते तपासायला सांगितलं होतं, सरकारने समितीही नेमली होती. उद्या डिझेलचं काय होईल? पेट्रोलकडे वळावं तर पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलेलं, आणि २०१८ ची टर्बो पेट्रोल गाडी त्यासाठी बनलेली नाही. तिसरी धास्ती सुट्या भागांची. व्होल्वोने तर डिझेल जगभरच बंद केलं. मार्च २०२४ मध्ये स्वीडनच्या कारखान्यातून शेवटची डिझेल व्होल्वो बाहेर पडली, तीही एक्ससी९० च, आणि ती गोथेनबर्गच्या संग्रहालयात गेली. संग्रहालयात गेलेल्या इंजिनाची गाडी आपण घ्यायची? मामा हसले. म्हणाले, "ताई, तेच इंजिन त्यांनी इतकी वर्षं इतक्या गाड्यांत घातलंय, पार्ट कुठे जातायत? आणि चार सिलिंडर आहे, माझा हात तरी आत जातो." हात आत जाणं हा निकष कुठल्या यादीत नव्हता, पण मजुरीचा दर त्यावरच ठरतो.

त्याच सुमारास नेरूळच्या एका डॉक्टरांची २०१८ ची एक्ससी९० इन्स्क्रिप्शन विकायची आहे असं कळलं. डॉक्टर मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी निघालेल्या. ३ मे, शनिवार. फोनवर एकच विनंती केली होती: आम्ही येण्याआधी गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या आधी बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. थंड इंजिन चालू होताना जो आवाज आणि धूर येतो तोच खरा. गरम करून ठेवलेलं इंजिन पाहुण्यांसमोर शहाण्या मुलासारखं वागतं.

मॅडमनी फाइल समोर ठेवली. सात वर्षांची सगळी बिलं, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, तारखेप्रमाणे. मला तिथेच गाडी घ्यावीशी वाटली, खरं सांगते. त्यात २०२१ चं एक मोठं बिलही होतं, पुढचा बंपर आणि रेडिएटरचं, विम्यातून झालेलं. त्यांनी ते लपवलं नव्हतं, पहिल्यांदा तेच पान उघडून दाखवलं. मागणी साडेएकोणतीस लाख, चालली फक्त ४८,००० किलोमीटर.

नवरा खूश. मामा मात्र १७ मेला गाडी बघून गप्प झाले. "कमी चाललीय," ते म्हणाले, जणू तक्रारच. मॅडम नेरूळहून बेलापूरला दवाखान्यात जायच्या, परत यायच्या. दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या, सात वर्षं. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी गरम होऊन बराच वेळ एका वेगात धावावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत काजळी साचत जाते. स्कॅनरवर भरण दाखवत होतं ७४ टक्के. जाळी नवी घ्यायची तर भाव ऐकून मी खाली बसले.

मामांनी मॅडमना विचारलं, "एक्सप्रेस-वेला नेऊ का?" त्या स्वतः सोबत आल्या. कळंबोलीहून चढलो, खालापूरच्या टोलपर्यंत ऐंशी-नव्वदच्या एका लयीत, वळून परत. मागच्या सीटवर मी स्कॅनरचा आकडा बघत होते आणि डॉक्टर मॅडम, बहुधा सवयीने, माझ्याकडे पेशंटच्या नातेवाइकांकडे बघावं तशा बघत होत्या. परतीच्या वाटेवर आकडा उतरायला लागला. नेरूळला पोचलो तेव्हा १९. जाळी मेलेली नव्हती, तुंबलेली होती. आकडा उतरला नसता तर मी फाइल कितीही देखणी असली तरी निघून आले असते.

टेपची परीक्षा अर्थातच झाली. यावेळी मॅडमच म्हणाल्या, टेप माझ्याकडे ठेवून जा, मी मोजून कळवते. मी म्हटलं, राग मानू नका, मी येते. रात्री ८१, सकाळी ८१, एक कोपरा ८०.५. "माझा बीपी पण इतका स्थिर नाही," त्या म्हणाल्या.

मग २६ मेला पाऊस आला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. सगळे वैतागले, मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून हार्बर लाइनने नेरूळ गाठलं. या गाडीला मोठं काचेचं छत आहे. छताच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी-धुळीने तुंबल्या की पाणी गालिच्याखाली उतरतं, आणि वायरिंगही तिथेच असतं. रात्रभर उघड्यावर भिजलेल्या गाडीचे चारही गालिचे उचलून टिश्यू पेपर दाबला. कोरडा. उन्हाळ्यात गाडी पसंत केली असेल तरी पैसे देण्याआधी एक पाऊस बघून घ्या.

टायरवरची आठवड्याची खूण बघितली, १११८, म्हणजे २०१८ चा अकरावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर सात वर्षांचं, चारही बदलायला हवेत. गिअरबॉक्सचं तेल कधीच बदललेलं नाही, कारण "आयुष्यभर चालतं" असं म्हणतात. मामांचं म्हणणं, कोणाच्या आयुष्यभर ते विचारा. दोन बॅटऱ्या, एक मुख्य आणि एक मदतनीस, दोन्ही थकलेल्या. या सगळ्याचा लेखी अंदाज घेऊन गेलो आणि सौदा २६ लाख ७५ हजारांवर ठरला. घासाघीस अशी झालीच नाही. कागदावर आकडे होते.

३१ मेला ५१,००० टोकन, बँकेतून. ५०० च्या स्टॅम्पवर करार (१०० चा आता चालत नाही). त्यात दोन अटी घातल्या: आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, कर्जाचा बोजा नसावा आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट विकणाऱ्याने बसवून द्यावी. दोन्ही मी सवयीने लिहिल्या होत्या. दोन्ही लागल्या.

मॅडमचं कर्ज २०२२ मध्येच फिटलेलं. पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. कर्ज फेडलं की बँक एनओसी आणि फॉर्म ३५ देते, ते आरटीओत देऊन बोजा आपण उतरवायचा असतो. पुष्कळ लोक ते कागद कपाटात ठेवून विसरतात. त्यावर ९० दिवसांची मुदत होती, ती केव्हाच संपलेली. २ जूनला नव्या एनओसीसाठी अर्ज केला. शाखा म्हणे मुख्य कार्यालय, मुख्य कार्यालय म्हणे शाखा. २३ जूनला कागद आला. या तीन आठवड्यांत नवऱ्याने मला रोज विचारलं की आपलं टोकन बुडणार नाही ना.

नंबर प्लेटचं त्या मानाने सरळ. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला ती लावल्याशिवाय आरटीओत पुढचं काम होत नाही. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, ऑनलाइन बुकिंग, ३ जूनला नोंदवली, २० ला बसली.

१ जुलैला बोजा उतरल्याचं वाहन पोर्टलवर दिसलं. ४ ला आमचं दहा लाखांचं कर्ज सुटलं, ५ जुलैला गाडी ताब्यात. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहिली, सकाळी ११.४०. त्या वेळेनंतरचे चलान आमचे, आधीचे त्यांचे. (आधीचे दोन निघाले, वाशीच्या सिग्नलचे. मॅडमनी तिथेच भरले.) आणि फास्टॅग! त्यांचा टॅग बंद झाल्याशिवाय त्या गाडीला आमचा नवा मिळेना. त्यांनी बँकेला फोन लावून तो बंद केला, पण त्यात दोन दिवस गेले. हे टोकनच्या दिवशीच सांगून ठेवा.

विम्याचं सगळ्यांना सांगते, कारण इथे माणसं फसतात. गाडी नावावर होईपर्यंत जुना विमा चालेल असं एजंटसुद्धा म्हणतो. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज करावा लागतो, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आणि नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो माणसाचा असतो. त्यांचा त्यांच्याकडे राहिला. आमच्या जुन्या गाडीचा आम्ही प्रमाणपत्र घेऊन इकडे लावला, तरी हप्ता ६८,४०० आला. मी ताबा घेतल्याच्या दिवसापासून नवीन पॉलिसीच घेतली.

मग आरटीओ. गाडी एमएच-४३, आम्ही एमएच-०४ चे. वाशीची एनओसी १४ जुलैला मिळाली, १७ ला ठाण्यात अर्ज. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आमच्या कर्जासाठी फॉर्म ३४, पीयूसी, विमा, दोघांचे आधार-पॅन, आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासून काढलेली छाप. ती छाप काढायला मामा लागले. फाइल एकदा परत आली, कारण मॅडमनी फॉर्म २९ वर डॉक्टरी सही केली होती आणि आरसीच्या वेळची सही वेगळी होती. त्या तोवर परदेशी जायच्या तयारीत, २४ जुलैला मी नेरूळला जाऊन नवी सही आणली. तुम्ही कोऱ्या फॉर्मचा एक जादा संच आधीच सही करून घ्या, जुन्या सहीप्रमाणे. एजंटने ६,००० घेतले. फेसलेस पद्धतीने, म्हणजे ऑनलाइन, स्वतः करता आलं असतं, पण दोन शहरांच्या फेऱ्या आणि नोकरी जमणार नव्हती. १ ऑगस्टला मंजुरी, १३ ऑगस्टला कार्ड पोस्टाने घरी.

मधल्या काळात गाडी मामांकडे होती. टायर १,०४,०००. दोन्ही बॅटऱ्या ४७,०००. गिअरबॉक्सचं तेल ३४,०००. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर आणि मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या कपलिंगचं तेल मिळून ३८,०००. पुढचे ब्रेक पॅड २९,०००. एकूण २ लाख ५२ हजार. यातलं बिघाड म्हणावं असं काहीच नव्हतं, वयाचं देणं होतं. विमा, तपासण्या, एजंट, कर्जाची फी धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत माझ्या वहीत बेरीज आली ३० लाख २२ हजार.

मी वही सासूबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून शेवटची ओळ वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे इनोव्हाच की." नवरा पेपर वाचत होता, पान उलटलं नाही.

गाडी घरी आली त्या दिवशी आषाढीचा आदला दिवस होता. नारळ फोडला, हळदीकुंकू लावलं, सासूबाईंसाठी गाडी खाली बसवली. त्या एका पावलात आत गेल्या आणि बराच वेळ उतरल्या नाहीत. इनोव्हाचा विषय त्यानंतर निघालेला नाही, पण त्यांनी तो सोडलाय असं मला वाटत नाही.

२४ ऑगस्टला पहाटे चारला निघालो, सातही जण, पिठी आणि गूळ माझ्या पायाशी. माणगावला नेहमीप्रमाणे दीड तास. त्यानंतर कशेडीच्या बोगद्यापर्यंत गाडी एका लयीत चालली तेव्हा मी मनातल्या मनात जाळीतली काजळी जळताना बघत होते. पोलादपूरच्या पुढे टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला, सगळे गप्प. खेडला पंपावर बघितलं, नव्या टायरपैकी एकाचा व्हॉल्व्ह सैल. चाळीस रुपये.

देवरुखला दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात टेप काढला. आत्याबाई दळण घेऊन निघाल्या होत्या, थांबल्या. "काय गं, रोज ताप बघतेस होय तिचा?" चारही कोपरे ८१.

आता एकच मोठं काम आहे. या इंजिनाला साखळी नाही, टाइमिंग बेल्ट आहे. किलोमीटर कमी असले तरी रबराला वय असतं, आणि तो चालू गाडीत तुटला तर इंजिनच जातं. मामांनी अंदाज दिलाय ६२,०००, पाण्याच्या पंपासकट. दर महिन्याला १२,००० वेगळे ठेवतेय. दिवाळीनंतर गाडी दोन दिवस त्यांच्याकडे सोडायची आहे.